‘माझे दस्तऐवज’ नेमके कुठे? : संगणकावरील वैयक्तिक फोल्डरांच्या स्थलांतराची चिकित्सा

प्रस्तावना

बीड जिल्ह्यात ‘स्थलांतर’ हा शब्द उच्चारला की दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या, ट्रक आणि ट्रॅक्टर डोळ्यांपुढे येतात. घराला कुलूप लागते किंवा म्हातारी माणसे मागे राहतात. हंगाम संपेपर्यंत कुटुंबाचा मुक्काम एका ठिकाणी आणि शिधापत्रिकेवरचा पत्ता दुसऱ्या ठिकाणी अशी अवस्था असते. मागे काय राहिले आणि नव्या जागी आपल्याला कोण ओळखते, हे स्थलांतरातील खरे प्रश्न असतात, हे या जिल्ह्याला शिकवावे लागत नाही. संगणकावरील फोल्डर हलविण्याच्या कृतीची या कष्टाशी बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. तथापि मुक्काम आणि पत्ता यांची फारकत ही कल्पना तेथेही लागू पडते, आणि ती न समजल्यामुळेच अनेकांचे लेखन नष्ट होते.

वैयक्तिक फोल्डर सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर नेणे ही बाब महाविद्यालयीन वर्तुळात किरकोळ समजली जाते. एखादा सहकारी किंवा संगणक दुरुस्त करणारा तरुण ती दहा मिनिटांत उरकून देतो. वस्तुतः प्राध्यापकाच्या त्या फोल्डरात प्रबंधाची प्रकरणे, क्षेत्रीय पाहणीची टिपणे, पदोन्नतीच्या प्रस्तावाची कागदपत्रे आणि नॅकच्या मूल्यांकनासाठी वर्षानुवर्षे जमविलेले पुरावे असतात. ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुनी यंत्रे बदलण्याचा अथवा त्यांवर नवी प्रणाली चढविण्याचा प्रसंग त्यामुळे अनेक विभागांपुढे आला आहे. अशा वेळी या कृतीची चिकित्सा करणे अगत्याचे ठरते. फोल्डरांचे स्थलांतर ही निव्वळ जागेची सोय नसून मालकी, पत्ता आणि लिपी या तिन्हींचा तो व्यवहार आहे, आणि प्रचलित पद्धत त्यांपैकी फक्त जागेचा विचार करते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

‘माझे’ या विशेषणाची पार्श्वभूमी

झेरॉक्स कंपनीच्या ‘स्टार’ या संगणकाने १९८१ मध्ये पडद्यावर टेबल, फाईल आणि फोल्डर यांची चित्रे बाजारात आणली. कचेरीतील कागदी व्यवहार ज्याला ठाऊक आहे त्याला यंत्र परके वाटू नये, हा त्यामागील उद्देश होता आणि तो यशस्वीही झाला. परंतु या रूपकाची एक मर्यादा आहे. कागदाची फाईल एका कपाटातून काढून दुसऱ्या कपाटात ठेवली की पहिले कपाट रिकामे होते. फाईल कोठे आहे आणि ती कोठे असल्याची नोंद आहे, या दोन बाबी तेथे डोळ्यांनी पडताळता येतात. संगणकात या दोन बाबी वेगळ्या असतात. पडद्यावर दिसणारे चित्र हे पुष्कळदा केवळ नोंदीचे चित्र असते.

‘सी’ या अक्षराचा उगमही येथे लक्षात घेतला पाहिजे. ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखीव होती. आयबीएम कंपनीच्या ‘पीसी एक्सटी’ या संगणकात १९८३ मध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली आणि तिला ‘सी’ हे पुढचे अक्षर मिळाले. त्याच वर्षीच्या ‘एमएस-डॉस २.०’ने फोल्डरात फोल्डर ठेवण्याची सोय दिली. यंत्र चालविणारी प्रणाली आणि माणसाचा मजकूर एकाच तबकडीवर राहू लागले. युनिक्स आणि पुढे लिनक्स यांच्या परंपरेत वापरकर्त्याचे ‘होम’ वेगळ्या विभागात ठेवण्याची प्रथा रुजली. तेथे प्रणाली पुसून नव्याने घातली तरी घर शाबूत ठेवता येते. विंडोजने मात्र ‘माय डॉक्युमेंट्स’ हे घर सी ड्राइव्हवरच बांधले. ‘विंडोज २०००’ आणि ‘एक्सपी’मध्ये ते ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’च्या पोटात होते; ‘विस्टा’पासून ते ‘यूजर्स’च्या पोटात गेले.

‘माझे’ असे विशेषण लावून दिलेली ही खोली मालकाच्या वाड्यातच आहे. वाड्याच्या दुरुस्तीचा प्रसंग आला की पहिली झळ भाडेकरूच्या सामानाला बसते. ज्या ड्राइव्हवर प्रणाली असते तोच पुसण्याची वेळ वारंवार येते, आणि माणसाचा मजकूरही मुळात तेथेच ठेवलेला असतो. वापरकर्त्याच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखविण्यापूर्वी रचनेतील या दोषाची नोंद होणे न्याय्य आहे.

डी ड्राइव्हची लोकरीत

या दोषावर लोकांनीच उपाय शोधला. ‘एक्सपी’च्या काळात सुटे भाग जोडून संगणक तयार करून देणारे विक्रेते ४० किंवा ८० गिगाबाइटच्या एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देत. विषाणू शिरला अथवा यंत्र मंदावले की ‘फॉरमॅट मारणे’ हा सर्वमान्य इलाज होता. त्यापूर्वी ‘सगळे डी ला टाका’ ही सूचना मिळे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणकाची ओळख तालुक्यातालुक्यांत पोहोचविली. डी ड्राइव्हचे हे शहाणपण मात्र पुस्तकापेक्षा तोंडी परंपरेने पसरले.

या लोकरीतीचे श्रेय नाकारता येत नाही. तिच्यामुळे असंख्य लेख, प्रश्नपत्रिका आणि प्रबंध वाचले. परंतु तिच्यात दोन गैरसमज दडलेले होते. पहिला गैरसमज ‘डेस्कटॉप’विषयीचा. पडद्यावर समोर दिसते ते कोणत्याही ड्राइव्हच्या बाहेर आहे, असे अनेकांना वाटे. प्रत्यक्षात डेस्कटॉप हाही सी ड्राइव्हवरील एक फोल्डरच आहे. ‘माय डॉक्युमेंट्स’ काळजीपूर्वक हलवून झाल्यावर डेस्कटॉपवरचे चालू काम फॉरमॅटमध्ये गेले, हा अनुभव त्यातूनच येतो. दुसरा गैरसमज अधिक गंभीर आहे. सी आणि डी ही बहुतेक यंत्रांत एकाच डिस्कची दोन नावे असतात. डिस्क निकामी झाली, यंत्र चोरीला गेले किंवा मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’सारखा खंडणीखोर विषाणू शिरला तर दोन्ही ड्राइव्ह एकाच वेळी संकटात सापडतात. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सामान नेल्याने घराला लागलेल्या आगीपासून संरक्षण मिळत नाही. स्थलांतर आणि नक्कल या दोन भिन्न कृती होत. लोकरीतीने पहिलीलाच दुसरी मानले.

हलविणे, नक्कल करणे आणि पत्ता बदलणे

फोल्डर ‘हलविला’ या एका क्रियापदाने किमान तीन वेगवेगळ्या घटनांचा निर्देश होतो. एकाच ड्राइव्हच्या आत फोल्डर कापून दुसरीकडे चिकटविला तर मजकूर जागचा हलत नाही, फक्त सूचीतील नोंद बदलते. म्हणून ते काम क्षणात होते. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर नेताना प्रथम नक्कल होते आणि नंतर मूळ प्रत पुसली जाते. या दोन टप्प्यांमध्ये वेळ जातो आणि त्या वेळात व्यत्यय येऊ शकतो. परळी वैजनाथला औष्णिक विद्युत केंद्र असूनही २००० नंतरच्या दशकात जिल्ह्याने दीर्घ भारनियमन सोसले आहे. कापून चिकटविण्याचे काम अर्ध्यावर असताना वीज गेली की काही फाईल इकडे, काही तिकडे आणि हातातली एक अपुरी, अशी स्थिती होते. कापण्याऐवजी नक्कल करावी, नकला उघडून पाहाव्यात आणि मगच मूळ प्रत पुसावी, हा साधा क्रम अशा परिसरात विशेष महत्त्वाचा ठरतो.

तिसरी घटना म्हणजे पत्त्यातील बदल. ‘डॉक्युमेंट्स’, ‘डेस्कटॉप’, ‘पिक्चर्स’, ‘डाऊनलोड्स’ हे विंडोजच्या दृष्टीने सामान्य फोल्डर नाहीत. त्यांचे ठिकाण प्रणालीच्या नोंदवहीत लिहिलेले असते आणि प्रत्येक उपयोजन तेथे विचारून मगच आपली फाईल ठेवते. हा पत्ता अधिकृतपणे बदलण्याची सोय फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये आहे. ‘एक्सपी’मध्ये ती ‘टार्गेट’ या पानावर होती, ‘विस्टा’पासून ‘लोकेशन’ या पानावर आहे. तेथे नवे ठिकाण दिल्यावर जुन्या ठिकाणच्या फाईलही न्यायच्या का, असा प्रश्न प्रणाली विचारते. ‘हो’ म्हटले तर पत्ता आणि सामान दोन्ही जातात. ‘नाही’ म्हटले तर पत्ता जातो आणि सामान जुन्या घरात राहते. स्थलांतराचे सारे भवितव्य या एका प्रश्नावर अवलंबून असते. तरीही तो प्रश्न मुद्रकाचा कागद संपल्याच्या सूचनेइतक्याच सपाट चौकटीत विचारला जातो.

या सोयीत आणखी दोन खड्डे आहेत. फोल्डरसाठी डी ड्राइव्हवर वेगळा उपफोल्डर न करता थेट ‘डी’ असेच ठिकाण दिले तर संपूर्ण ड्राइव्हच ‘डॉक्युमेंट्स’ बनतो आणि पूर्वस्थितीला येणे जिकिरीचे होते. तसेच दोन वैयक्तिक फोल्डरांना एकच ठिकाण दिले तर दोघांचे सामान एकमेकांत मिसळते. ‘यातून परत फिरणे सोपे नाही’ हे अशा वेळी ठळकपणे सांगणे, हे प्रणालीचे कर्तव्य मानले पाहिजे.

शिवाय वैयक्तिक असूनही वैयक्तिक फोल्डरात नसलेल्या गोष्टी असतात. न्याहाळकातील खुणा, पत्रव्यवहाराची संगणकावरील साठवण, शब्दसंपादकाला शिकविलेले शब्द हे सारे ‘अ‍ॅपडेटा’ नावाच्या लपविलेल्या फोल्डरात असते. डेस्कटॉपवरील बाणाची खूण असलेले चिन्ह पेन ड्राइव्हवर घेऊन सादरीकरणाला निघालेल्या संशोधकाच्या हाती ऐनवेळी केवळ बाण उरतो. तेथेही चूक रूपकाचीच आहे. पत्त्याची चिठ्ठी आणि प्रत्यक्ष वस्तू यांचे चित्र त्याने जवळजवळ सारखे ठेवले.

मागे राहिलेल्यांचे काय झाले : २०१८ चा धडा

पत्ता आणि मुक्काम यांची फारकत किती महाग पडू शकते, याचा जगभर गाजलेला दाखला विंडोजच्याच इतिहासात आहे. ‘विंडोज १०’ची १८०९ क्रमांकाची आवृत्ती मायक्रोसॉफ्टने २ ऑक्टोबर २०१८ रोजी खुली केली. ती घेतलेल्या काही वापरकर्त्यांच्या वैयक्तिक फाईल नाहीशा झाल्या. तक्रारी येताच काही दिवसांतच वितरण थांबविण्यात आले आणि दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबर २०१८ रोजी पुन्हा देण्यात आली.

कंपनीने ९ ऑक्टोबर २०१८ रोजी दिलेले स्पष्टीकरण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. ज्यांनी आपले वैयक्तिक फोल्डर दुसऱ्या ठिकाणी वळविले होते, त्यांच्या यंत्रावर जुन्या ठिकाणी त्याच नावाचे रिकामे फोल्डर शिल्लक राहत आणि एकच फोल्डर दोनदा दिसे. हा घोळ मिटावा म्हणून नव्या आवृत्तीत असे जुने फोल्डर काढून टाकण्याची तरतूद केली गेली. काही वापरकर्त्यांनी पत्ता बदलला होता, पण सामान नेले नव्हते. त्यांचे जुने घर रिकामे नव्हते. प्रणालीने ते रिकामे मानले आणि आतल्या मजकुरासह पाडले. नव्या ठिकाणच्या फाईल सुरक्षित राहिल्या. जे मागे राहिले होते ते गेले.

प्रत्यक्ष फाईल गमावल्याच्या तक्रारी एकूण नूतनीकरणांच्या एका टक्क्याच्याही शंभराव्या हिश्श्याएवढ्या असल्याचे कंपनीने म्हटले होते. शेकडेवारीच्या भाषेत हे प्रमाण नगण्य आहे. परंतु ज्याचा प्रबंध गेला त्याच्या दृष्टीने हानी शंभर टक्के असते. प्रसंगानंतर कंपनीने वापरकर्त्यांच्या तक्रारीत तीव्रता नोंदविण्याची सोय आणली, म्हणजे किती जणांचे बिघडले याबरोबरच किती बिघडले हेही मोजले पाहिजे, हे मान्य केले. यातून एक तत्त्व हाती येते. ज्या यंत्रणेला पत्ता माहीत असतो, तिला वस्ती माहीत असतेच असे नाही. नोंदीत रिकामे असलेले घर प्रत्यक्षात भरलेले असू शकते. ते पाडण्यापूर्वी दार उघडून पाहणे, ही जबाबदारी पाडणाऱ्याची आहे.

लिपी मागे राहते तेव्हा

आतापर्यंतची चर्चा कोणत्याही भाषेतील वापरकर्त्याला लागू आहे. मराठीत लिहिणाऱ्याच्या वाट्याला त्याहून वेगळी हानी येते आणि तिची चर्चा तुलनेने कमी होते. २००० नंतरच्या दशकात या भागातील मराठी लेखन मुख्यतः ‘श्रीलिपी’, सी-डॅकचे ‘आयएसएम’, ‘आकृती’, ‘कृतिदेव’ अशा प्रणालींच्या व टंकांच्या आधारे झाले. यांतील बहुतेक टंकांत देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर बसविलेली असत. फाईलमध्ये प्रत्यक्षात रोमन चिन्हांची रांग साठवली जाई. ती मराठी दिसे ती टंकामुळे. टंक मात्र सी ड्राइव्हवर विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरात राही.

अशा वेळी प्राध्यापकाने आपले फोल्डर नियमानुसार डी ड्राइव्हवर नेले, सी ड्राइव्ह फॉरमॅट झाला, फाईल एकही गेली नाही. आणि उघडून पाहिले तर पानभर निरर्थक रोमन चिन्हे. सामान सुखरूप पोहोचले, ते वाचण्याची दृष्टी मागे राहिली. फाईलची संख्या मोजणाऱ्या यंत्राच्या हिशेबी हे स्थलांतर निर्दोष असते. पेजमेकरमध्ये जुळविलेल्या स्मरणिका आणि गौरवग्रंथांची गत आणखी बिकट होते. त्यांत टंकासोबत चित्रांचे दुवेही असतात आणि हे दुवे जुन्या पत्त्यावर बोट ठेवून उभे राहतात.

अंबाजोगाईच्या दासोपंतांनी ‘पंचीकरण’ हा ग्रंथ पासोडीवर, म्हणजे सुमारे ४० फूट लांबीच्या वस्त्रावर लिहिला. सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधिकाळातील हे वस्त्र अंबाजोगाईत जतन झाले. पासोडीची घडी घालून ती दुसऱ्या घरात नेली तरी अक्षरे बदलत नाहीत, कारण तेथे मजकूर, लिपी आणि आधार एकजीव आहेत. संगणकाने या तिघांना वेगळे केले. त्याचे लाभ मोठे आहेत. एका क्षणात शंभर प्रती होतात. परंतु तिघांना बरोबर नेण्याचे दायित्वही त्यामुळेच निर्माण झाले. चार शतकांपूर्वीचे वस्त्र वाचता यावे आणि वीस वर्षांपूर्वीचा शोधनिबंध वाचता येऊ नये, ही विसंगती या जिल्ह्यातील अभ्यासकांनी गांभीर्याने घेण्यासारखी आहे.

युनिकोडने या प्रश्नाचे मूलभूत उत्तर दिले. देवनागरीचा समावेश युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच होता आणि ‘विंडोज २०००’मध्ये ‘मंगल’ हा टंक आला. ‘एक्सपी’मध्ये मात्र ही सोय मूळ सीडी घालून वेगळी बसवावी लागे. त्यामुळे आधार असूनही तो अनेक यंत्रांवर निद्रिस्त राहिला. ‘विस्टा’पासून तो आपोआप मिळू लागला. तोवर एका पिढीचे लेखन जुन्या टंकांत झाले होते. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करण्याची साधने आज उपलब्ध आहेत. रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, म्हणून मुद्रितशोधन आवश्यक असते. हे काम टळत आले आहे, आणि दर स्थलांतरात त्याची किंमत वाढते.

युनिकोडमध्येही एक बारीक अडचण आहे. विंडोजमधील फाईलच्या संपूर्ण पत्त्याची लांबी परंपरेने सुमारे २६० चिन्हांपुरती मर्यादित आहे. ‘स्त्री’ हे डोळ्यांना एक अक्षर दिसते. यंत्राच्या मोजणीत ती सहा चिन्हे असतात. निकष, उपनिकष, वर्ष आणि विभाग अशी मराठी नावांची उतरंड रचलेला फोल्डर आणखी एका फोल्डराच्या पोटात हलविताना काही फाईल अडतात त्या यामुळे. नाव मराठीत असावे, पण आटोपशीर असावे, एवढीच यातील शिकवण. त्यासाठी रोमन नावांकडे वळण्याचे कारण नाही.

खासगीपणाचा प्रश्न

महाविद्यालयात एका विभागाला एक संगणक आणि तो वापरणारे चार-पाच जण, हे चित्र परिचित आहे. ‘विस्टा’नंतरच्या प्रणालींत प्रत्येक खात्याचा वैयक्तिक फोल्डर इतर सामान्य खात्यांना सहसा उघडता येत नाही, सी ड्राइव्हवरील त्या खोलीला कडी असते. फाईल दुसऱ्या ड्राइव्हवर गेल्या की त्या तेथील नियम स्वीकारतात, आणि डी ड्राइव्हचे सर्वसाधारण नियम सैल असतात. परिणामी विद्यार्थ्यांचे अंतर्गत गुण, संशोधनातील मुलाखती, गोपनीय अहवाल हे सारे एका खोलीतून व्हरांड्यात येते. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या मुलाखती घेणाऱ्या संशोधकाने नावे गुप्त ठेवण्याचा शब्द दिलेला असतो. तो शब्द फोल्डर हलविताना नकळत मोडला जाऊ शकतो. हलविलेल्या फोल्डराला स्वतंत्र परवानग्या लावणे हे म्हणूनच संशोधननीतीचे अंग ठरते.

मेघसंचय हे अंतिम उत्तर आहे काय?

आता हे सारे प्रश्न मेघसंचयाने सुटले, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. एकाच डिस्कवर विसंबून राहण्याचा धोका तेथे निश्चित कमी होतो. तथापि हेही स्थलांतरच आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केलेल्या ‘विंडोज ११’च्या अनेक यंत्रांवर ‘डेस्कटॉप’ आणि ‘डॉक्युमेंट्स’ यांचा पत्ता ‘वनड्राइव्ह’च्या पोटात जातो, आणि वापरकर्त्याला त्याची जाणीव असतेच असे नाही. तेथील विनामूल्य जागा ५ गिगाबाइट आहे. ती भरली की नव्या फाईल वर जाणे थांबते. शिवाय जोडलेल्या फोल्डरातून पुसलेली फाईल दोन्हीकडून पुसली जाते. ती परत मिळविण्याची मुदत असते, पण ती कायमची नसते. गूगलने शिक्षणसंस्थांना पूर्वी दिलेली अमर्याद साठवण बंद करून संस्थेमागे १०० टेराबाइटची सामायिक मर्यादा आणण्याचे २०२१ मध्ये जाहीर केले, हेही विसरता येत नाही. दुसऱ्याच्या गोदामातील मुक्कामाच्या अटी गोदामाचा मालक ठरवितो. मेघसंचय ही उत्तम दुसरी प्रत आहे. ती एकमेव प्रत झाली की जुना धोका नव्या पत्त्यावर राहायला येतो.

संस्थेचे दायित्व

आजवर या प्रश्नाचा भार एकट्या प्राध्यापकावर टाकला गेला आहे. महाविद्यालयाच्या जडसंग्रह नोंदवहीत संगणकाची खरेदी, किंमत आणि क्रमांक यांची नोंद असते. त्याच्या आत काय आहे याची नसते. मुदत संपलेल्या यंत्राचे निर्लेखन होते, समिती स्वाक्षऱ्या करते आणि डिस्कसह यंत्र भंगारात जाते. सेवानिवृत्त प्राध्यापकाची व्याख्याने, बंद पडलेल्या नियतकालिकाचे अंक, स्थानिक इतिहासाची टिपणे त्यासोबत जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी. आणि एम.फिल. प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करण्याची व्यवस्था केली, त्यामुळे प्रबंध तरी सुरक्षित झाले. प्रबंधामागची सामग्री मात्र ज्याच्या त्याच्या डी ड्राइव्हवरच राहिली.

यावरील उपाय खर्चिक नाहीत. निर्लेखनाच्या प्रपत्रात ‘आतील मजकुराची नक्कल घेतली काय व ती कोठे ठेवली’ असा एक रकाना वाढविता येईल. प्रत्येक विभागाला एक बाह्य डिस्क देऊन ती ग्रंथालयात जमा ठेवता येईल, कारण जतन हे ग्रंथालयाचे मूळ कार्य आहे. वैयक्तिक पातळीवर आधी बाह्य प्रत, मग नकला उघडून पाहणे, प्रत्येक फोल्डरसाठी डी ड्राइव्हवर स्वतंत्र उपफोल्डर, ‘लोकेशन’मधून पत्त्यातील बदल, सामान नेण्यास होकार, जुन्या ठिकाणी काही उरले का याची खात्री आणि शेवटी परवानग्या, हा क्रम पाळला जावा. जुन्या टंकांतील लेखनासोबत त्या टंकाची फाईल आणि टंक अंतर्भूत केलेली पीडीएफ प्रत ठेवली जावी.

समारोप

वैयक्तिक फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलविण्याची रूढी ही सदोष रचनेवर लोकांनी शोधलेला समंजस, परंतु अपुरा उपाय होय. या रूढीने फॉरमॅटपासून बचाव केला. डिस्क निकामी होण्यापासून, पत्त्याच्या घोळापासून, उघड्या परवानग्यांपासून आणि हरवलेल्या लिपीपासून बचाव करण्याचे सामर्थ्य तिच्यात नव्हते. २०१८ च्या प्रसंगाने दाखवून दिले की रचना करणारेही पत्त्यालाच वस्ती समजण्याची चूक करतात.

प्रणाली पुन्हा बदलतील आणि आज अद्ययावत वाटणारी यंत्रेही एक दिवस निर्लेखनाच्या यादीत येतील. त्या वेळी फोल्डर हलविले काय, एवढेच विचारून भागणार नाही. हलविलेला मजकूर उघडतो काय, तो वाचता येतो काय आणि त्याची दुसरी प्रत दुसऱ्या छपराखाली आहे काय, हे तीन प्रश्न विचारावे लागतील. जुन्या डिस्कवर शेवटची आज्ञा देण्यापूर्वी तिच्यातील मागे राहिलेले फोल्डर एकदा उघडून पाहणे, एवढी सवय महाविद्यालयांना लागली तरी या परिसरातील पुष्कळ लेखन वाचेल.